एका फेऱ्याला चार मिलिमीटर

वाटी परत करायला आलेला माणूस वाटी देतो, 'भरीत झकास होतं हं' म्हणतो आणि जातो. नाना वाटी हातात धरून दारातच थबकले, कारण दारातून त्यांना माझं टेबल दिसत होतं. टेबलावर नऊ दिवाळी अंक, अंकांवर एक जाडजूड शब्दकोश आणि शब्दकोशावर कॉम्प्युटरचा मॉनिटर.

"हे काय चढवलंयस?"

"मान दुखते नाना. ऑफिसातले म्हणाले, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत पाहिजे. म्हणून वर घेतला. तरी दुखतेच. आता स्टँड मागवणार आहे. दीड हजारात मिळतो."

माझी चूक झाली ती 'मागवणार' या शब्दात. नानांसमोर 'बायपास सांगितलीय' म्हटलं तरी चालतं. 'मागवणार' चालत नाही.

"दीड हजार? वाकवलेल्या पत्र्याला?" असं म्हणत ते आत आले, वाटी शब्दकोशावर ठेवली आणि शर्टाच्या खिशातून निम्मा बाहेर डोकावणारा व्हर्नियर काढला. बाकीच्यांच्या खिशात पेन असतं, नानांच्या खिशात व्हर्नियर. लग्नकार्यातसुद्धा. मागे एका मुंजीत त्यांनी जिलबीची जाडी मोजली होती आणि आचाऱ्याला 'एकसारखी नाही' म्हणून सांगितलं होतं.

"एकशे बेचाळीस पॉइंट सहा," नाना म्हणाले. मग अंकांच्या गठ्ठ्यावर अंगठा दाबून पाहिला. "हे दबतात. मॉनिटरच्या वजनाने रोज थोडे थोडे बसत चाललेत. म्हणून तुझी मान दुखते. अजून वर पाहिजे."

इतकं स्वच्छ निदान मला आजवर कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली. दुखली.

"किती वर?"

"असेल चार-पाच बोटं."

'बोटं' हे माप ऐकून नानांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला वेदना म्हणतात. "आपण बनवू," ते म्हणाले, "पाचशेच्या आत." तेव्हा आषाढ चालू होता. स्टँड मागवला असता तर दुसऱ्या दिवशी आला असता. नानांचा आला मार्गशीर्षात.

नानांनी चिंचवडकडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं काढली, आणि सगळी टूलरूममध्ये. टूलरूममध्ये माल बनत नाही, माल ज्यांनी बनतो ती डाय, जिग, फिक्श्चरं बनतात. त्यामुळे तिथल्या माणसाची उरलेल्या जगाकडे बघायची एक नजर होते. ते जग म्हणजे 'प्रॉडक्शनवाले'. रिक्षा जोरात मारणारा प्रॉडक्शनवाला, कुकरच्या शिट्ट्या न मोजणारी सून प्रॉडक्शनवाली, पूजा वीस मिनिटांत आटपणारे गुरुजी तर पक्के प्रॉडक्शनवाले. मी भाषांतरं करतो, दिवसाला अमुक पानं या हिशेबाने. माझा वर्ग सांगायला नकोच.

आणि या टूलरूमवाल्या नानांच्या मते जगात प्रामाणिक यंत्र एकच, ते म्हणजे स्क्रू. खिळा दांडगाई करतो. स्प्रिंग थकते. दोरी ताणते. बाजारात मॉनिटरचे जे फिरते हात मिळतात त्यांत गॅस भरलेला असतो, आणि गॅस आज ना उद्या जाणारच, पोरीबाळींसमोर मॉनिटर मान टाकणार. "स्क्रूचं तसं नाही," नाना सांगतात. "फिरवलास तेवढाच चढेल, सोडलास तिथेच थांबेल."

"पण का थांबेल?" मी विचारलं. हाही प्रश्न विचारायला नको होता. मला संध्याकाळी सात वाजता एक मसुदा पाठवायचा होता.

"दिवे घाट चढलायस ना वारीत? डोंगरावर सरळ जाता येत नाही, म्हणून रस्ता वळवत वळवत नेतात. स्क्रू म्हणजे दांड्याला गुंडाळलेला घाट. चढ किती? वीस मिलिमीटरचा स्क्रू, चारचा पिच, म्हणजे एका फेऱ्याला चार मिलिमीटर वर. हिशेब केलास तर चढ येतो चार अंश. पोलाद आणि गनमेटल एकमेकांवर आठ-साडेआठ अंशांपर्यंत घसरत नाहीत. ग्रीस चोपडलंस तरी पाच-साडेपाच. मग चार अंशांवर तुझा मॉनिटर घसरेल कसा? बैलगाडी घाटात सोडून दिली आणि ती जागची हललीच नाही, असा हा घाट."

हे सगळं ते माझ्या मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून दाखवत होते. मसुदा उशिरा गेला. त्याच्या पाठीवर त्रिकोण होता.

स्क्रूचं हे वेड नुसतं बोलण्यापुरतं नाही. नानांच्या घरात जे जे हलतं ते ते आट्यांवर हलतं. कपडे वाळत घालायची काठी, देवघरातल्या समईची वात, टीव्हीचा कोन. खिडकी उघडायची तर आधी बारा फेरे. पाऊस आला की काकू खिडकी फिरवायला धावतात आणि बाराव्या फेऱ्यापर्यंत पाऊस आत येऊन गेलेला असतो. "पण वाऱ्याने आपटते का कधी?" नाना विचारतात. नाही आपटत, हे काकूंना कबूल करावं लागतं.

त्या घरात नानांच्या दृष्टीने देवापाठोपाठचं स्थान पितळी सोऱ्याला आहे. त्यांच्या आईचा. वरचा दांडा फिरवला की चकली खाली उतरते तो. "हे बघ," नवरात्रात एकदा त्यांनी तो माझ्या हातात दिला. "आटे बघ. चौकोनी आहेत. कपाटाच्या बोल्टासारखे टोकेरी नाहीत. टोकेरी आटा पकडून ठेवायला. ढकलायचं असेल, उचलायचं असेल, तर चौकोनी. ज्याने हा केला त्याला कुणी शिकवलं असेल? पण चौकोनी कापायला कटकट, म्हणून मग तो थोडा उतरता करतात. ट्रॅपिझॉइडल. आपल्याकडे तीस अंशाचा, अमेरिकेत अ‍ॅक्मी, एकोणतीसचा."

"एक अंश कमी का?"

"अमेरिका," नाना म्हणाले. एवढंच.

पुढे कळलं की सोऱ्या मला दाखवण्यापुरता बाहेर निघाला नव्हता. तो भोसरीला चालला होता, एका मित्राच्या गाळ्यात, आट्यांची खोली मोजायला. तिथे तो वसुबारसेपर्यंत राहिला. त्या दिवाळीत काकूंच्या चकल्या भाऊबीजेनंतर झाल्या. काकू मला जिन्यात भेटल्या तेव्हा बोलल्या काहीच नाहीत, फक्त माझ्या मानेकडे बघितलं.

मधल्या काळात झालेले प्रयोग सगळे सांगत बसत नाही. जुन्या बाजारातून, बुधवारचा गाठून, नानांनी मोटारीचा कात्री जॅक आणला होता. तो अर्ध्या दिवसात नापास झाला. कारण विचाराल तर फार वजन होतं, कळकट होता असं काही नाही. "हा एकसारखा चढत नाही. खाली असताना एका फेऱ्याला भराभर उचलतो, वर गेला की सुस्तावतो. तरुणपणी धावणारी माणसं असतात बघ." नानांना प्रत्येक फेऱ्याला तेवढंच पाहिजे. पहिल्याला चार, तिसाव्यालाही चार.

पहिला खरा नमुना मात्र सांगितलाच पाहिजे. पूर्वी दवाखान्यात लोखंडी फिरतं स्टूल असायचं, मधे जाड स्क्रू, गोल फिरवलं की बैठक वर. तसलं एक नानांनी कुठूनतरी मिळवलं, पाय कापले, बैठकीच्या जागी पट्टी बसवली. मॉनिटरच्या पाठीला चार भोकं असतात, १०० बाय १०० मिलिमीटरच्या चौकोनात, एम-४ च्या स्क्रूंची. मॉनिटर कुठल्याही कंपनीचा असो, बहुतेकांना हेच माप, फार छोटा असेल तर ७५ बाय ७५. हे कळल्यावर नाना आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरविषयी आदराने बोलले. "एम-४, पिच पॉइंट सात," ते पुटपुटले. "म्हणजे या धंद्यातही कुणीतरी शहाणं आहे."

तर मॉनिटर पट्टीवर बसला. नानांनी खूण केली. मी स्टुलाचा दांडा धरला, नानांनी मॉनिटर धरून फिरवला. अर्धा फेरा झाला. मॉनिटर वर चढला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आम्ही दोघे त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.

"पूर्ण फेऱ्याने समोर येईल," नाना म्हणाले.

"म्हणजे उंची पूर्ण फेऱ्याच्या पटीतच?"

"काय बिघडलं?"

आणखी अर्धा फेरा झाला. मॉनिटर समोर आला, दोन वायरी स्वतःभोवती गुंडाळून घेऊन. पुढच्या फेऱ्याला स्पीकर टेबलावरून निघाला. ज्याने बत्तीस वर्षं लोखंडात काढली त्याच्या जगात वायर नावाची वस्तू नसते. वायर हे इलेक्ट्रिकल खात्याचं पाप. नानांनी स्पीकर झेलला, डोळे मिटले आणि म्हणाले, "स्क्रूने फिरायचं, नटने नाही."

त्या रात्री त्यांच्या घरचा दिवा दोनपर्यंत होता. सकाळी आकृती तयार. खाली पोलादी प्लेट, त्यात स्क्रू जागच्या जागी फिरणार. त्याच्यावर गनमेटलचा नट, त्याला धरून एक गाडा, आणि गाडा फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना सोळा मिलिमीटरच्या ब्राइट बारचे दोन खांब. गाड्याला मॉनिटर. डोक्यावर हँडल. १२० मिलिमीटरची चाल, म्हणजे तीस फेरे.

हे जाम झालं. मॉनिटर खांबांच्या पुढे लोंबकळत असतो, त्याच्या भाराने गाडा पुढे कलतो आणि खांबाला चावतो. जुन्या कपाटाचा ड्रॉवर एका कुशीने ओढला की अडकतो, तसं. नानांनी पुढच्या खेपेला गाड्याचे बुश लांब केले, चांगले पंचाहत्तर मिलिमीटर, आणि नट गाड्यात आवळायचा सोडून नुसता बसवला, किंचित हलता. "नटने फक्त वजन उचलायचं. सरळ ठेवणं हे खांबांचं काम. दोघं एकच काम करायला गेले की जाम."

"म्हणून हे स्वयंपाकघरात येत नाहीत," आतून काकू म्हणाल्या.

या सगळ्या खटाटोपात एक शनिवार मी त्यांच्याबरोबर भोसरीच्या गाळ्यात गेलो होतो. पत्र्याखाली उकडत होतं, शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस धाडधाड करत होता. लेथवर स्क्रूचा दांडा चढवलेला. मित्राचा टर्नर कट मारणार, तेवढ्यात नानांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः उभे राहिले. एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या हाताला थोडा कंप आहे, चहाचा कप बशीवर वाजतो. लेथच्या हँडलवर तो हात गेला आणि वाजायचा थांबला. चेंज गिअर लावून झाले होते, हाफ नट पडला, टूल दांड्यावरून सरकत गेलं आणि मागे एक चकचकीत वळसा उमटला. पुन्हा मागे, पुन्हा तोच वळसा, पहिल्यातच, केसभर खोल. दहा-बारा वेळा. प्रत्येक वेळी टूल नेमकं त्याच घळीत उतरत होतं. मी भाषांतरात एक वाक्य दहा वेळा घासतो तेव्हा ते दरवेळी भलतीकडेच जातं.

"हे लेथमध्ये जे लांब दिसतंय ना, तोही स्क्रूच," नाना टूलवरची नजर न काढता म्हणाले. "स्क्रूच स्क्रू घडवतो. मग पहिला कुणी घडवला?" आणि मग मॉडस्लेची पोथी सुरू झाली. हेन्री मॉडस्ले, लंडनचा, १८०० च्या सुमाराला त्याने आटे कापायचं लेथ असं बसवलं की पुन्हा पुन्हा तोच आटा निघावा. त्याआधी प्रत्येक नट आपापल्या बोल्टालाच बसायचा, दुसऱ्याच्या चालायचा नाही, जोडीने जन्मायचे, जोडीने मरायचे. मॉडस्लेच्या टेबलावर एक मायक्रोमीटर असे, त्याला नाव ठेवलं होतं लॉर्ड चॅन्सेलर, कारण मापावरून भांडण झालं की त्याचा निकाल अखेरचा. तोही स्क्रूवरच चालणारा. आणि त्याच कारखान्यात काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ, ज्याने १८४१ मध्ये आट्यांचं एकच माप सगळ्यांसाठी मांडलं, पंचावन्न अंशाचं. नाना हे ज्ञानेश्वर-नामदेवांसारखं सांगतात, फक्त अभंगांच्या जागी पिच. टर्नर मुलगा मोबाइल बघत होता. त्याने ही पोथी आधी ऐकली असावी.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी स्टँड आला. मी, नाना आणि वॉचमन अशा तिघांनी तो जिन्यावरून चढवला, कारण अकरा किलो होता. त्यातले सात किलो खालच्या प्लेटचे. मॉनिटरचं वजन चार किलो. "हा स्क्रू अर्धा टन सहज उचलेल," नाना म्हणाले. मी टेबलाच्या पायांकडे बघितलं.

"आणि हिशेब किती झाला?"

"चारशे साठ."

नानांच्या हिशेबाची रीत अशी, की स्वतःची मेहनत शून्य, मित्राची मेहनत म्हणजे दोन चहा, आणि घरात आधीपासून पडून असलेली वस्तू फुकट. ती घरात का पडून होती हे विचारायचं नाही. भोसरीच्या खेपा फिरायला गेल्याच्या खात्यात.

पण थट्टा राहू दे. मी हँडल धरलं. पितळी मूठ, तिच्यावर बारीक खवल्यांची नक्षी, बोटं आपोआप जागेवर बसावीत अशी. करंगळीने फिरवली तरी फिरत होती. कुठे खडखड नाही, अडखळ नाही, फक्त ग्रीसमधून लोखंड सरकल्याचा दबलेला आवाज आणि अकरा किलोच्या वस्तूने मॉनिटर असा उचलला, जसा कुणी झोपलेलं मूल उचलतं. मधेच सोडली मूठ. जिथल्या तिथे. माझ्या घरात इतकी नीट केलेली दुसरी वस्तू नाही, मी स्वतः केलेली तर नाहीच नाही.

"एक लक्षात ठेव," जाताना नाना म्हणाले. "माणूस सकाळी उंच असतो. दिवसभरात पाठीचा कणा दबतो, संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर उतरतो. म्हणून सहा वाजता अडीच फेरे खाली."

मी रोज सहा वाजता अडीच फेरे खाली घेत होतो. मान दुखतच होती. किंबहुना आता ती वरच्या बाजूने दुखत होती.

पौषात चष्म्याची काडी मोडली म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने सहज विचारलं, प्रोग्रेसिव्ह काचा जमतायत ना. जमतायत, म्हटलं, फक्त मान. "कॉम्प्युटर?" हो. "किती उंचीवर?" मी हाताने दाखवली. तो हसला. या काचांत जवळचं खालच्या भागातून दिसतं, आणि स्क्रीनचं अंतर मधल्या पट्ट्यातून. स्क्रीन वर असली की माणूस नकळत हनुवटी उचलून बघतो, दिवसभर, छताला पाल शोधत असल्यासारखा. "खाली घ्या. जेवढी जाईल तेवढी."

चष्मा गुढीपाडव्याला घेतला होता. मान दुखायला लागली अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. ज्या माणसाने ऑफिसात 'डोळ्यांच्या रेषेत' सांगितलं होतं त्याला चष्माच नव्हता. आणि नानांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, किती वर? वर की खाली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी येऊन हँडल उलटं फिरवत सुटलो. मॉनिटर उतरत उतरत एका जागी टेकला. खालून मोजलं. नानांनी दिवाळी अंकांची उंची शून्य धरली होती. गाडा सगळ्यात खाली आला की मॉनिटर नेमका एकशे बेचाळीस पॉइंट सहावर.

मी मॉनिटर त्याच्या मूळच्या प्लॅस्टिकच्या पायावर, नुसत्या टेबलावर ठेवला. चार दिवसांत मान गेली, म्हणजे दुखणं गेलं.

अकरा किलोची वस्तू लपवता येत नाही. बायकोने त्याच्यावर मनीप्लँट ठेवला. संक्रांतीला नाना तिळगूळ घेऊन आले, आणि दारातूनच त्यांना टेबल दिसलं. मी सगळं सांगितलं, चष्मेवाला, हनुवटी, पाल. ते मनीप्लँटकडे बघत होते. मला वाटलं आता काही बोलतील, किंवा बोलणारच नाहीत. त्यांनी जाऊन हँडल एक फेरा फिरवलं. मनीप्लँट चार मिलिमीटर चढला.

"म्हणजे खाली पाहिजे होता."

"हो नाना."

"मग स्टँड काढतोस कशाला?" त्यांनी तिळगुळाची वाटी शब्दकोशावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसले आणि टेबलाखाली डोकं घातलं. आतून आवाज आला. "मॉनिटर खाली जात नसेल तर टेबल खाली घेऊ. पाय लाकडीच आहेत, कापता येतील. चार पाय, चार स्क्रू."

"आणि माझे गुडघे?"

"गुडघ्यांचं नंतर बघू. चारही स्क्रू एकदम फिरले पाहिजेत, नाहीतर टेबल तिरकं. एकाच हँडलवर, साखळीने." व्हर्नियर टेबलाच्या पायाला लागल्याचा टिकटिक आवाज झाला. "तुझ्या मुलाची ती लहानपणची सायकल होती ना, ती टाकली नाहीस ना कुणाला देऊन?"